घरात दगड वाढत चाललेत (खनिजं, स्फटिक, जीवाश्म गोळा करणाऱ्या घरांसाठी धागा)

खिशातखडे :
परवा वॉशिंग मशीन मध्येच खडखडायला लागलं. बंद करून आत हात घातला तर तीन दगड निघाले. दोन लेकाच्या पँटमधले. तिसरा कोणाचा म्हणून चौकशी केली तर नवरा गप्प. तेव्हा लक्षात आलं, हे प्रकरण आता एकट्या मुलाचं राहिलेलं नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. दोन वर्षांपूर्वी एका सहलीत मुलाला फुटलेल्या दगडाच्या पोटात चमचमती पोकळी दिसली. तेव्हापासून नदीकाठ असो, समुद्रकिनारा असो की रस्त्यासाठी फोडलेली टेकडी, आम्ही चौघंही माना खाली घालून चालतो. येणारेजाणारे विचारतात, काही हरवलंय का? बाल्कनीत तीन खोकी भरलीत, खिडकीच्या कट्ट्यावर स्फटिकांची रांग आहे आणि चपलांच्या कपाटात एक बादली आहे. सासूबाई म्हणतात, माणसं वाढली की लोक मोठं घर घेतात, आपण दगडांसाठी घेऊ.

छंद चांगला आहे, तो बंद करायचा नाही. पण आमचं चाललंय ते अगदीच अडाण्यासारखं. हत्यारं कोणती घ्यावीत? नावं कशी ओळखायची? आणि या ढिगाचं करायचं काय? जाणकारांनी सांगावं.

भिंगवाला :
ढिगाचं काय करायचं ते आधी सांगतो, कारण तोच मुख्य प्रश्न आहे. त्या तीन खोक्यांतल्या किती दगडांबद्दल तुम्ही छातीठोक सांगू शकाल की हा अमुक ठिकाणाहून आणला?

दगडाचं नाव पुढे कधीही कळू शकतं. पन्नास वर्षांनी कोणी तपासून सांगेल. पण तो कुठे मिळाला ते दगड बोलून दाखवत नाही. संग्रहालयात एखादा साधासा नमुना जपलेला असतो आणि शेजारच्या कपाटातला देखणा नमुना नुसता शोभेचा ठरतो, त्याचं कारण बहुतेक वेळा ती चिठ्ठी असते.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. २० कोटी वर्षांहून जुन्या झाडांचे ओंडके तिथे दगड होऊन पडले आहेत, आत गारगोटीचे लाल-पिवळे रंग. तिथून काही उचलायला मनाई आहे, तरी लोक तुकडे खिशात घालतात. मग कित्येकांना टोचणी लागते आणि ते पत्र लिहून, माफी मागून तुकडा टपालाने परत पाठवतात. पण उद्यानवाल्यांना तो परत जागेवर ठेवता येत नाही, कारण कुठल्या ओंडक्यापाशी होता कोण जाणे. भलत्या जागी ठेवला तर पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होणार. म्हणून परत आलेल्या दगडांचा एका बाजूला ढीगच झाला आहे. तुमच्या बाल्कनीतला ढीग त्याच जातीचा होण्याआधी वही घाला.

पद्धत सोपी आहे. दगडाच्या सगळ्यात कुरूप बाजूवर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि वर पारदर्शक थर. तोच क्रमांक वहीत. समोर ठिकाण, आणि तेही दुसरा माणूस वाचून तिथे पोचेल इतकं नेमकं. नुसतं 'नदीकाठ' लिहू नका. तारीख, कोणाला मिळाला, आणि कुठल्या खडकात होता की सुटा पडलेला होता. चिठ्ठी जागेवरच लिहायची आणि दगडासोबत वर्तमानपत्रात गुंडाळायची. 'घरी गेल्यावर लिहू' म्हटलं की संपलं.

आमच्याकडे नियम आहे: नाव पेन्सिलने, जागा शाईने. नाव चुकतं, खोडावं लागतं.

टिवल्याबावल्या :
वॉशिंग मशीनला +१. आमच्याकडे दाराची काच गेली. दगड आहे तसाच आहे.

ओबडधोबड :
हत्यारांचं मी सांगतो. पहिलं हत्यार गॉगल. उन्हाचा नव्हे, वेल्डिंगच्या दुकानात असतो तसा बाजूंनी बंद, डोळ्यांचं संरक्षण करणारा. दगड फोडताना उडणारी कपची डोळ्याला विचारून येत नाही. फोडणाऱ्याला गॉगल, बघणाऱ्यालाही गॉगल, आणि बघणारा चार पावलं लांब.

घरातली खिळे ठोकायची हातोडी नेऊ नका. तिचं डोकं निसटतं, नाहीतर टवका उडतो. भूशास्त्राची हातोडी एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली असते. एक बाजू चौकोनी, दुसरी टोकदार किंवा पसरट. टोकदार बाजू कठीण खडकासाठी, पसरट बाजू पापुद्र्यांच्या खडकासाठी, म्हणजे जीवाश्मवाल्यांसाठी. छिन्नी वापरायची तर तिच्यावर मारायला वेगळी जाडजूड हातोडी घ्या. आणि हातोडीवर हातोडी कधी, कधी, कधी मारायची नाही. दोन कडक पोलादं एकमेकांवर आपटली की त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

पाच वर्षांच्या मुलीला हातोडी नको. तिला द्या पाण्याची फवाऱ्याची बाटली. कोरडे दगड सगळे सारखेच मळकट दिसतात. ओला केला की अकीकाचे (ॲगेटचे) पट्टे, गारगोटीची शीर, शिंपल्याचा ठसा, सगळं एका फवाऱ्यात वर येतं. माझ्या अनुभवात चांगल्या वस्तूंतल्या निम्म्या तरी बाटलीवाल्या पोरांना मिळालेल्या आहेत. त्यांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात हे एक, आणि काय 'असायला हवं' ते त्यांना माहीत नसतं हे दुसरं.

मोठे कडे फोडायला जाऊ नका. पायथ्याशी पडलेला राडारोडा बघा, पण ताज्या पडझडीच्या खाली उभं राहू नका. इंग्लंडच्या लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर जीवाश्म वेचणारी मेरी ॲनिंग ठाऊक असेल. १८३३ मध्ये कडा कोसळला आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा कुत्रा ट्रे गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली. तिला त्या कड्यांची लहानपणापासून ओळख होती, तरी. किनाऱ्यावर जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा.

खिशातखडे :
भिंगवाला, ओबडधोबड, दोघांचेही आभार. वही आजच आणते. पण ओळखायचं कसं ते राहिलंच की. मुलाकडे फोटोवरून दगड ओळखणारं ॲप आहे. त्याने एकाच दगडाला सकाळी एक, संध्याकाळी दिव्याखाली दुसरं आणि आजीच्या हातात असताना तिसरंच नाव सांगितलं.

कसोटी :
ॲपचा दोष नाही. रंग आणि चकाकी बघून दगड ओळखणं म्हणजे कपड्यांवरून माणूस ओळखणं. मी विज्ञान शिकवते, वर्गात हा तास मुलांना फार आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ओरखडा. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीड्रिख मोहस याने १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली. सगळ्यात मऊ संगजिरं (टाल्क), मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गारगोटी, पुष्कराज, कुरुंद आणि शेवटी हिरा. यादीतला पुढचा आधीच्याला ओरखडतो, इतकाच नियम. आपल्या हाताशी नख असतं, ते साधारण २.५. तांब्याचं नाणं ३ च्या आसपास. पोलादी सुरी आणि काच ५.५ च्या आसपास. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम किंवा त्याहून मऊ. काचेवर दगडाने ओरखडा उठला तर गारगोटीची शक्यता धरायची. ओरखडा आहे की नुसती पूड सांडलीये ते बोट फिरवून बघायचं, इथे सगळे फसतात. या दहा पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, हे मुलांना जरूर सांगा. नऊवरून दहावर जाताना कुरुंदापेक्षा हिरा सुमारे चौपट कठीण निघतो.

वर्गात एकाने विचारलं होतं, 'दगडापेक्षा वीट मऊ' हे खरं का? आम्ही लावून बघितलं. संगजिऱ्यावर नखानेही ओरखडा उठला, विटेवर नाही उठला. म्हणीला अपवाद सापडला म्हणून वर्ग आठवडाभर खूश होता.

दुसरी परीक्षा कसाची. टाइलची मागची खरखरीत, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगड तिच्यावर घासा. उमटलेल्या रेघेचा रंग दगडाच्या रंगापेक्षा जास्त खरा. हेमटाइट हे लोखंडाचं खनिज बाहेरून काळं, आरशासारखं चकचकीत असलं तरी रेघ लालसर तपकिरी. सोनमाखी, म्हणजे पायराइट, दिसायला सोन्यासारखी पण रेघ हिरवट काळी. खऱ्या सोन्याची रेघ सोनेरीच. कस लावणं, कसाला उतरणं हे शब्द आपण रोज वापरतो, त्यांची मूळ जागा ही.

तिसरी, व्हिनेगरचा एक थेंब. कॅल्साइट किंवा चुनखडी असेल तर बुडबुडे येतात. डोलोमाइट हट्टी असतो, त्याची पूड केल्याशिवाय फारसा फसफसत नाही. मग फुटण्याची तऱ्हा. कॅल्साइट फोडलं की कललेल्या चौकटींचेच तुकडे पडतात, कितीही बारीक करा. फ्रान्सच्या आउई या खनिजतज्ज्ञाच्या हातून असा एक नमुना पडून फुटला आणि त्यातून त्याला स्फटिकांच्या आतल्या रचनेचा विचार सुचला, असं सांगतात. गारगोटी मात्र काचेसारखी वाकड्या शिंपल्याच्या आकारात फुटते.

आणि घरी कोनमापक असेल तर हे करून बघाच. गारगोटीचा सहा बाजूंचा खांब घ्या आणि शेजारच्या दोन बाजूंमधला कोन मोजा. १२० अंश. दुसरा घ्या, बोटाएवढा किंवा मनगटाएवढा, वाकडा वाढलेला, एक बाजू रुंद आणि एक अगदी चिंचोळी असलेला. तरी १२०. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने हे १६६९ मध्ये लिहून ठेवलं. माझ्या एका विद्यार्थ्याने खोटं ठरवायचंच म्हणून अठरा खांब मोजले. शेवटी कोनमापकालाच नावं ठेवली.

टिवल्याबावल्या :
आमचं पोर भूमितीच्या पुस्तकाला हात लावत नाही. हे सांगून बघतो.

चकाचक :
स्वच्छ करायला टॉयलेट क्लीनर बेस्ट. दगड रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी नव्यासारखे.

कसोटी :
अहो थांबा! टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा ॲसिड असतं. कॅल्साइट रात्रभर बुडवलं तर सकाळी कॅल्साइटच नसेल. शिंपल्याचे जीवाश्म तेच. आणि त्यात चुकून ब्लीच मिसळलं गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, लहान मुलांच्या घरात हे नको. आधी कोरडा ब्रश, मग साधं पाणी आणि जुना टूथब्रश, मग साबणाचा एक थेंब. नव्वद टक्के काम तिथेच होतं.

भिंगवाला :
आणि झिओलाइट असतील तर जास्तच जपा. बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांत वाढणारी ही खनिजं ॲसिडने खराब होतात, काहींचा तर चिकट लगदा होतो. जगभरच्या संग्रहालयांत स्टिल्बाइटचे आणि त्याच्या सोबतीने मिळणाऱ्या अपोफिलाइटचे जे डोळे दिपवणारे नमुने आहेत त्यांतले कित्येक दख्खनच्या बेसॉल्टमधून गेलेले आहेत. झिओलाइट हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनश्टेटने दिलं. अर्थ 'उकळणारा दगड', कारण तापवल्यावर त्यातलं पाणी वाफ होऊन दगड उकळल्यासारखा दिसला. घरी तापवून बघू नका, दगड फुटतो.

सोनमाखी :
माझं आयडीच निघालं म्हणून लिहितो. बारा वर्षांपूर्वी मला सोनमाखीचा हाताच्या मुठीएवढा गोळा मिळाला. कापसात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि अभिमानाने विसरलो. तीन पावसाळे गेले. खोकं उघडलं तर आत गंधकाचा वास, पिवळट पांढरी भुकटी आणि खोक्याचा तळ खाऊन टाकलेला. पायराइटला दमट हवा लागली की ते सडतं, चक्क सडतं. त्यातून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं आणि ते शेजारच्या दगडांनाही सोडत नाही. चिठ्ठी तर पहिल्यांदा गेली. कुठून आणलेला गोळा ते आता मला फक्त तालुक्यापर्यंत आठवतं. म्हणून भिंगवाला म्हणतात तशी वही वेगळी असू द्या, चिठ्ठीच्या भरवशावर राहू नका. असे नमुने कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या.

आणि ताई, खिडकीच्या कट्ट्यावर स्फटिकांची रांग असं लिहिलंयत. त्यात जांभळा ॲमेथिस्ट असेल तर आजच उचला. उन्हात तो फिका पडतो आणि परत जांभळा होत नाही. काही रंगीत फ्लोराइटही विटतात. मनशीळ तर उजेडाने लालची पिवळी होते आणि तिची भुकटी सुटते.

खिशातखडे :
अरे देवा. आहे. दोन आहेत. मी त्यांना मुद्दाम उन्हात मांडलं होतं, छान चमकतात म्हणून.

कसोटी :
मनशिळेचा विषय निघालाच आहे तर, मनशीळ आणि हरताळ दोन्ही आर्सेनिकची खनिजं. हिंगूळ पाऱ्याचं, गॅलेना शिशाचं, मोरचूद तांब्याचा. आपल्या भाषेत या सगळ्यांना जुनी नावं आहेत कारण लोक ती रंगाला, औषधाला, लिखाणाला वापरत आले. पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला त्यावर हरताळ फासत, वाक्प्रचार तिथलाच. पण मुलांच्या हातात नकोत. दगड चाटून बघायचा नाही, तापवायचा नाही, हाताळल्यावर हात धुवायचे. तंतूतंतूंचा, कापसासारखा सुटणारा दगड दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओरखडायचा नाही, तिथेच सोडायचा.

अनवाणी :
धागा वाचून राहवलं नाही. प्रत्येक कुटुंबाने बादली भरून दगड घरी नेले तर पुढच्या मुलाला त्या नदीकाठी काय दिसणार? फुलं तोडू नका म्हणून शिकवतो आणि दगड मात्र फोडून न्यायचे? बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. फूल निदान परत उमलतं.

ओबडधोबड :
नदीतला गोटा पुढच्या पुरात तसाही वाहून जाणार आहे हो.

भिंगवाला :
ओबडधोबड, इतकं सोपं नाही. अनवाणी यांचं म्हणणं काही जागांना शंभर टक्के लागू आहे. गुहेत एक स्फटिकही तोडू नये. मेक्सिकोत नायकाच्या खाणीत २००० साली खाणकामगारांना जिप्समची गुहा सापडली, सुमारे ३०० मीटर खोल. स्फटिक ११-१२ मीटर लांबीचे. आतलं तापमान ५८ अंशांच्या आसपास होतं, माणूस काही मिनिटांच्या वर टिकत नसे. गरम पाण्यात अतोनात सावकाश वाढत ते एवढे झाले. असल्या ठिकाणी हात लावणं म्हणजे करंटेपणा. पण समुद्राच्या कड्यातून सुटून किनाऱ्यावर पडलेला अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाचा जीवाश्म, वेगळा. तो कोणी उचलला नाही तर लाटा त्याची वाळू करतात. मेरी ॲनिंग भरतीच्या आधी धावायची ती म्हणून.

मधल्या जागांचं काय, हे ज्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो आणि तो निघण्याआधी बघायचा. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म सरकारी मालकीचे आहेत. अमेरिकेत सरकारी जमिनींच्या बऱ्याच भागात नेहमीचे शिंपले, पानांचे ठसे घरच्यापुरते वेचता येतात, पण हाडांना परवान्याशिवाय हात लावता येत नाही. दगड झालेल्या लाकडालाही तिथे माणशी मर्यादा आहे, दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा. खासगी जमीन असेल तर मालकाला विचारायचं. चालू खाणीत तर परवानगीशिवाय पाऊलही नाही.

अनवाणी :
कायद्यात बसतं म्हणून सगळं करावंच असं नाही. पण गुहा आणि किनारा यांतला फरक पटला. बादलीचं पटलेलं नाही.

खिशातखडे :
बादलीवर आमच्याकडे रात्री सभा झाली. ठराव: एका सहलीला माणशी दोन दगड. तिसरा आवडला तर पहिल्या दोघांतला एक परत ठेवायचा. लेकीने ताबडतोब पळवाट काढली, आजीचे दोन कोणी नेत नाही म्हणून ते तिचे.

एक दुःखद बातमी. लेकाचा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे पिवळट चुनखडीच्या फरशीवर काळं, नाजूक नेच्याचं पान. जीवाश्म आहे म्हणून वर्गात दाखवायला नेणार होता. फोटो देतेय. खरंच नेचा आहे ना?

त्रिखंडी :
नाही हो. फोटो मोठा करून बघितला. ही डेंड्राइटं आहेत. दगडाच्या भेगेतून पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज ऑक्साइड साठत जातं आणि त्याला असे फाटे फुटतात. थंडीत काचेवर दव गोठून नक्षी होते, तसं. पानाला मधली शीर असते, पर्णिका ठरावीक अंतराने फुटतात आणि टोकाकडे लहान होत जातात. यात फाटा कुठूनही फुटलाय आणि सगळी नक्षी भेगेच्या कडेपासून आत शिरलीये. मीही पहिल्यांदा यालाच फसलो होतो. फसला नाही असा जीवाश्मवाला मला भेटलेला नाही.

पण लेकाला उलटी गोष्टही सांगा. इंग्लंडच्या चार्नवुडच्या जंगलात १९५६ मध्ये पंधरा वर्षांच्या टीना नीगसला खडकावर नेच्यासारखा ठसा दिसला. तिने शिक्षकांना सांगितलं. उत्तर मिळालं, ते खडक इतके जुने आहेत की त्यांत जीवाश्म असूच शकत नाहीत. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन नावाचा शाळकरी मुलगा मित्रांबरोबर तिथे चढाईला गेला, त्यालाही तो दिसला. त्याने वडिलांना सांगितलं. वडिलांची लेस्टरच्या ट्रेव्हर फोर्ड या भूशास्त्रज्ञाशी ओळख होती आणि फोर्ड स्वतः बघायला आले. १९५८ मध्ये त्याला नाव मिळालं, चार्निया मेसोनी. सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचा जीव, आणि वनस्पती नव्हेच. फरक एवढाच की दुसऱ्या पोराचं म्हणणं कोणीतरी जाऊन बघितलं.

आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मालापा इथे ली बर्गर या शास्त्रज्ञाबरोबर गेलेल्या त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने, मॅथ्यूने, एका दगडात हाड बघितलं. ते गळ्याजवळचं हाड निघालं, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या मानवकुळातल्या जीवाचं, ऑस्ट्रेलोपिथेकस सेडिबाचं. तुमचा मुलगा त्याच वयाचा आहे म्हणून सांगतो.

हाड, दात, पाऊलखूण असं काही दिसलं तर मात्र उकरायचं नाही. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो, फोनवर जागेची खूण, आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला कळवायचं. उकरलं की ते कुठल्या थरात, कुठल्या बाजूला तोंड करून होतं, हे सगळं गेलं.

टिवल्याबावल्या :
पाच वर्षांच्या मुलांना काय आवडतं माहितीये? शेणाचे जीवाश्म. कॉप्रोलाइट. आमच्या घरात हा शब्द दिवसातून वीसदा ऐकू येतो.

त्रिखंडी :
हसू नका, त्यातून तो प्राणी काय खात होता ते कळतं. मेरी ॲनिंगने इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यांच्या पोटात हे गोळे बघितले होते, त्यांत माशांची हाडं असायची. भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंडने १८२९ मध्ये कॉप्रोलाइट हे नाव दिलं.

चकाचक :
एवढं फिरण्यापेक्षा विकतच घ्यावेत. मी पिवळाधमक सिट्रिन घेतलाय ऑनलाइन, मोठ्ठा.

सोनमाखी :
बुंध्याला पांढरा आणि टोकांना जळका नारिंगी आहे का? मग तो भट्टीत तापवलेला ॲमेथिस्ट. दगड खरा, रंग भट्टीचा. गुलाबी आणि विजेरी निळे अकीक रंगवलेले असतात. ट्रायलोबाइट, म्हणजे किड्यासारख्या प्राचीन सागरी प्राण्याचा जीवाश्म, घेताना भिंग लावा, आत बारीक हवेचे बुडबुडे दिसले तर राळ ओतून केलेला आहे. अंबर दाट मिठाच्या पाण्यात तरंगतो, काच बुडते. काही प्लॅस्टिकंही तरंगतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. विकत घ्यायला माझी हरकत नाही, पण विकणाऱ्याला आधी ठिकाण विचारा. नुसतं देशाचं नाव सांगून गप्प बसला तर मी तरी उठतो.

चकाचक :
जळका नारिंगी आहे.

खिशातखडे :
तीन आठवड्यांनी येतेय. कामाला लागलो होतो.

एकूण १४३ दगड निघाले. पहिल्या बैठकीत खात्रीने जागा सांगता आली फक्त ३१ ची. मग नवऱ्याला सुचलं, फोनमधले जुने फोटो. सहलीच्या फोटोंत मुलांच्या हातात दगड आहेतच, फोटोला तारीख आहे आणि बऱ्याच फोटोंना जागाही आहे. त्यावरून आणखी २६ जमले. एका लाल दगडावरून बाप-लेकात अजून वाद चालू आहे, दोघांच्या दोन जागा. वहीत दोन्ही लिहिल्यात, प्रश्नचिन्हासकट.

बाकीचे ८६ बेवारशी. त्यांच्यावर कसोटी यांच्या परीक्षा चालतात, ओरखडे, कस, व्हिनेगर, फोडाफोडी सगळं. वहीतल्या दगडांना हात लावायचा नाही. ॲमेथिस्ट कपाटात गेले. खिडकीकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा फिकी दिसते, आता दिसते म्हणजे. लेकाने डेंड्राइट वर्गात नेलंच. 'हा जीवाश्म नाही' अशी सुरुवात करून भाषण केलं म्हणे.

लेकीला अजून नीट लिहिता येत नाही म्हणून ती चिठ्ठ्यांवर चित्रं काढते. ७ क्रमांकाच्या गारगोटीला कोणालाच जागा आठवत नव्हती, बेवारशीत टाकणार होतो. तिने चिठ्ठीवर एक बस, बसखाली झोपलेलं कुत्रं आणि बाजूला रडणारा दादा असं काढलं. बघितल्याबरोबर चौघांनाही आठवलं. बस बंद पडली होती तो घाट, आणि रस्त्याकडेचा तो ढिगारा.

भिंगवाला :
झकास. चिठ्ठी तशीच ठेवा, पण खाली घाटाचं नाव आणि तारीख लिहा. शाईने.

खिशातखडे :
लिहिलं. माझं चित्र खराब केलं म्हणून ती रुसून बसलीये.